नांगरापासून सहा सिलिंडरपर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, मीरा रोड किंवा भाईंदरमध्ये तुम्ही उंच इमारतीत राहत असाल, तर वीज गेल्यावर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. एक-दोन मिनिटे अंधार होतो. मग खालच्या मजल्यावरून जनरेटरचा आवाज येतो आणि लिफ्ट पुन्हा चालू होते. तो आवाज कधी लक्ष देऊन ऐकला आहे का? मोटरसायकलचा आवाज सारखा चढतो आणि उतरतो. जनरेटरच्या इंजिनाचा आवाज मात्र तासन्‌तास एकाच सुरात चालू असतो. ते इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. एकही जास्त नाही, एकही कमी नाही, असा त्याचा प्रयत्न असतो.

इतकी मोठी इंजिने एकेकाळी आपल्या देशात तयार होत नव्हती. ती परदेशातून जहाजाने येत. ती पुण्यात तयार व्हावीत म्हणून ज्यांनी खटपट केली, त्या शंतनुराव किर्लोस्कर यांची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्यांच्याबरोबर इंजिनाच्या हद्दीचीही ओळख करून घेऊ. उर्दूतला हद्द हा शब्द मराठीतही त्याच अर्थाने वापरतात. त्यालाच मर्यादा असेही म्हणतात.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. तेथे बढतीची संधी आली, तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. त्यांचे बेळगावात सायकलींचे दुकान होते. त्यातून पुढे शेतीची अवजारे बनवण्याचा कारखाना निघाला.

लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला खरा, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. मित्रांनो, दोन वर्षे म्हणजे किती दिवस, याचा विचार करा. माल तयार आहे, तो चांगला आहे याची खात्री आहे, आणि गिऱ्हाईक तोंड फिरवून जात आहे. शंतनुरावांचे बालपण अशा घरात गेले. चांगली वस्तू बनवणे हे निम्मे काम असते आणि लोकांचा भरवसा मिळवणे हे उरलेले निम्मे, हा धडा त्यांना पुस्तक न उघडताच मिळाला.

बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन दिली. तेथे निवडुंग माजलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १९१० मध्ये या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शंतनुराव तेव्हा अवघे सहा वर्षांचे होते. भट्टीत वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतताना ते लहानपणापासून पाहत होते. या कामाला ओतकाम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

१९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत त्यांनी यंत्रशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये पदवी मिळवली. त्या काळी अमेरिकेत शिकलेल्या तरुण इंजिनिअरला सुखाची नोकरी मिळणे अवघड नव्हते. पण ते वाडीला परतले आणि वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले.

शेतकऱ्याला नांगरानंतर हवे होते पाणी. विहिरीत पाणी होते, पण ते वर काढायला मोट, बैल आणि दिवसभराची मेहनत लागे. गावोगावी वीज पोहोचलेली नव्हती. म्हणून पंप हवा आणि पंप चालवायला इंजिन हवे. याच गरजेतून १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तंत्राची मदत एका ब्रिटिश कंपनीची होती. कारखाना, कारागीर आणि जबाबदारी मात्र येथली होती.

आता एक अडचण पाहा. त्या काळी शेतात चालणारी परदेशी इंजिने बोजड आणि संथ असत. दोन्ही बाजूंना मोठी चाके असलेले असे इंजिन मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेई. खडकीचे नवे पाच अश्वशक्तीचे इंजिन आकाराने लहान होते आणि मिनिटाला १५०० फेरे घेत होते. संथ यंत्राची सवय असलेल्या माणसाला असे झपाट्याने फिरणारे यंत्र पाहून शंका येणे साहजिक होते. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू टिकेल का? हा नांगराच्याच वेळचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला होता. त्याचे उत्तर जाहिरातीने देता येत नाही. ते अचूक मापाने, चांगल्या धातूने आणि गावात वेळेवर मिळणाऱ्या सुट्या भागांनी द्यावे लागते. पुढे लाखो शेतकऱ्यांच्या विहिरींवर ही इंजिने चालली.

पण इंजिनाच्या वेगाला हद्द का असते? हे समजून घेण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकावू या.

इंजिनात पोकळ नळीसारखा भाग असतो, तो सिलिंडर. त्यात पिस्टन वर-खाली सरकतो. मराठी पुस्तकांत त्याला दट्ट्या म्हणतात. पिस्टन एका दांड्याने क्रँकशाफ्टला जोडलेला असतो आणि त्यामुळे क्रँकशाफ्ट गोल फिरतो. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा खाली येतो आणि एकदा वर जातो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा क्षणभर थांबतो आणि उलट दिशेला धावू लागतो.

आता हिशेब करा. एका मोठ्या डिझेल इंजिनात पिस्टनची एका वेळची धाव १५२ मिलिमीटर आहे. ते इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे झाले. या एका सेकंदात पिस्टन सुमारे साडेसात मीटर अंतर कापतो आणि ५० वेळा थांबून उलटा फिरतो. तेच इंजिन २१०० फेऱ्यांवर नेले, तर सेकंदाला ३५ फेरे होतात, अंतर साडेदहा मीटरच्या पुढे जाते आणि पिस्टन ७० वेळा उलटा फिरतो. तुम्ही पूर्ण जोरात धावताना दर दोन पावलांनी थांबून मागे वळलात, तर गुडघ्यांचे काय होईल? पिस्टनच्या दांड्यावर असाच ताण येतो.

हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर ताण चौपट होतो. १५०० वरून २१०० म्हणजे वेग दीडपटसुद्धा झाला नाही, पण ताण जवळजवळ दुप्पट झाला. लहान मोटरसायकलचा पिस्टन हलका असतो आणि त्याची धावही थोडी असते. म्हणून ती सहज सात-आठ हजार फेरे घेऊ शकते. मोठ्या इंजिनाचा पिस्टन काही किलो वजनाचा असतो. त्याला ही चाल परवडत नाही.

मोठी इंजिने बहुधा सहा सिलिंडरची आणि एका रांगेत बांधलेली असतात. यामागे कारण आहे. सहा पिस्टन ठराविक क्रमाने हलले, की त्यांचे धक्के एकमेकांना तोलून धरतात आणि इंजिन फार थरथरत नाही. पण सहा सिलिंडरसाठी क्रँकशाफ्ट लांब लागतो. प्रत्येक स्फोटाबरोबर तो किंचित पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. चुकीच्या वेगावर हा पीळ वाढत जाऊन क्रँकशाफ्ट तुटूही शकतो. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला पीळ शोषून घेणारे जाड चाक बसवलेले असते. वेगाच्या हद्दीचे हे दुसरे कारण.

तिसरे कारण आहे श्वास. होय, इंजिनही श्वास घेते! सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचे झाकण असते. त्याला सिलिंडर हेड म्हणतात आणि गॅरेजमधला कारागीर नुसते हेड म्हणतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह याच हेडमध्ये असतात. मराठीत त्यांना झडपा म्हणतात. २१०० फेऱ्यांवर पिस्टनला हवा ओढून घ्यायला सेकंदाचा सत्तरावा भाग एवढाच वेळ मिळतो. दार अरुंद असेल, तर इतक्या वेळात पुरेशी हवा आत येत नाही. मग डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो आणि ताकद वाढण्याऐवजी घटते. शिवाय व्हॉल्व्ह बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. वेग हद्दीबाहेर गेला, की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटता येत नाही. तेवढ्यात पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळला, तर इंजिनाचा नाश ठरलेला.

मग ताकद वाढवायची कशी? याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेतील कमिन्स कंपनीचे आहे. इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स या कारागिराने ही कंपनी काढली. तो एका श्रीमंत माणसाची मोटार चालवत असे आणि त्याच माणसाने त्याला भांडवल दिले. या कंपनीचे सहा सिलिंडरचे, सुमारे अकरा लिटरचे एक इंजिन होते. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह होते. १८०० फेऱ्यांवर ते १५० अश्वशक्ती देई. कंपनीने त्याच आकाराच्या इंजिनासाठी नवे हेड बनवले आणि त्यात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवले. एका मोठ्या दाराऐवजी दोन दारे उघडली, की शाळा सुटताना गर्दी लवकर बाहेर पडते ना? तसेच झाले. हवा मोकळी झाली. लहान व्हॉल्व्ह वजनाला हलके असल्यामुळे ते वेळेवर मिटू लागले. इंजिन २१०० फेऱ्यांपर्यंत नेता आले आणि त्याची ताकद २०० अश्वशक्ती झाली. ही एनएच नावाची मालिका होती.

यातली गोष्ट नीट लक्षात घ्या. कोणी नुसता वेग दाबून वाढवला नाही. आधी श्वासाची सोय केली, मग हद्द पुढे सरकली. आणि नव्या इंजिनालाही नवी हद्द राहिलीच.

ही हद्द मोडली की काय होते, हे खुद्द क्लेसी कमिन्सने अनुभवले होते. १९३१ मध्ये डिझेल ट्रक अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत चालवून दाखवताना कॅलिफोर्नियातील एका घाटात त्याच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचे फाटक होते आणि मालगाडी जात होती. गाडी थोडक्यात पुढे सरकल्यामुळे तो वाचला. इंजिनात गव्हर्नर नावाचा भाग असतो. फेरे वाढू लागले की तो डिझेल कमी करतो. पण उतारावर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि मग गव्हर्नरच्या हाती काही राहत नाही. म्हणूनच खंडाळ्याचा घाट उतरताना शहाणा ड्रायव्हर खालचा गिअर टाकून सावकाश उतरतो. कमिन्स मात्र तो प्रसंग विसरला नाही. त्याने पुढे इंजिनाच्याच जोराने मोठ्या गाडीला आवरणारा ब्रेक शोधून काढला. १९६० नंतर तो बाजारात आला.

आता पुन्हा पुण्याला येऊ. स्वातंत्र्यानंतर देशात धरणे, रस्ते आणि खाणी यांची कामे जोरात सुरू झाली. त्यांना पाच अश्वशक्तीची नव्हे, शेकडो अश्वशक्तीची इंजिने हवी होती. ती परदेशातून आणायला डॉलर आणि पौंड लागत आणि १९५७ च्या सुमारास देशाकडे परकीय चलनाची मोठी टंचाई झाली. एखादा सुटा भाग आला नाही, तर लाखो रुपयांचे यंत्र माळावर गंजत पडे.

शंतनुरावांनी कमिन्स कंपनीशी बोलणी केली. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुण्यात कोथरूड येथे तिचा कारखाना उभा राहिला. निम्मा हिस्सा अमेरिकन कंपनीचा होता. परक्यांना इतका मोठा वाटा द्यावा का, हा प्रश्न तेव्हा सोपा नव्हता. वडिलांनी स्वाभिमानासाठी नोकरी सोडली होती. मुलगा परदेशी कंपनीशी भागीदारी करत होता. पण शंतनुरावांच्या दृष्टीने इंजिन कायम बाहेरून विकत घेत राहणे ही खरी गरिबी होती. ते येथे बनवायला शिकणे, मग शिकवणारा कोणी का असेना, हा गरिबीतून बाहेर पडण्याचा रस्ता होता. विद्या कोठूनही घ्यावी, असे आपल्याकडे वडीलधारे सांगतात. त्यांनी ते कारखान्यात करून दाखवले.

काम मात्र नांगर ओतण्याइतके सोपे नव्हते. नांगराचा फाळ भरीव असतो. सिलिंडर हेड आतून घरासारखे असते. त्यात हवेची वाट, धुराची वाट, डिझेलच्या इंजेक्टरची जागा आणि या सगळ्यांभोवती थंड पाणी फिरण्याचे बोगदे असतात. ओतकाम करताना या प्रत्येक पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा साच्यात बसवावा लागतो. गाभा किंचित हलला, तर भिंत एका बाजूला पातळ होते आणि पुढे तापून तेथेच तडा जातो. तडा डोळ्यांना दिसत नाही. पाणी आटू लागते, तेव्हा कळते. म्हणून असे काम मापाने, सबुरीने आणि पुन्हा पुन्हा तपासूनच करावे लागते.

या मोठ्या इंजिनांत सहा सिलिंडरवर एकच लांब हेड नसते. दोन-दोन सिलिंडरसाठी एक अशी तीन हेडे असतात. लांब पत्रा तापला की वाकतो, आखूड पत्रा कमी वाकतो. हेडही तसेच. शिवाय एक हेड बिघडले, तर तेवढेच काढून दुरुस्त करता येते. दूरच्या धरणावर काम करणाऱ्या कारागिराला ही सोय किती मोलाची असेल!

कोथरूडची इंजिने हळूहळू देशभर पोहोचली. डंपर, क्रेन, जनरेटर आणि खडकात बोअर पाडणाऱ्या यंत्रांचे कॉम्प्रेसर यांना ती बसवली गेली. एकाच जातीचे इंजिन डंपरमध्ये २१०० फेऱ्यांपर्यंत जाई आणि जनरेटरवर मात्र १५०० लाच बांधलेले असे. असे का? आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. चार ध्रुवांच्या जनरेटरमधून अशी वीज हवी असेल, तर तो मिनिटाला १५०० फेरेच फिरला पाहिजे. फेरे कमी-जास्त झाले, तर विजेची आवर्तनेही कमी-जास्त होतात आणि तिच्यावर चालणाऱ्या मोटारींची चाल बिघडते. तुमच्या इमारतीखालचा तो एकसुरी आवाज हे गव्हर्नर नीट काम करत असल्याचे लक्षण आहे.

शंतनुरावांच्या या कार्याबद्दल भारत सरकारने १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. २४ एप्रिल १९९४ रोजी वयाच्या एक्याण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. कोथरूडच्या कंपनीतील किर्लोस्करांची भागीदारी १९९७ मध्ये संपली आणि तिचे नाव पुढे कमिन्स इंडिया झाले. नाव बदलले, तरी ते काम शिकलेले हात पुण्यातच राहिले.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा भाऊ गॅरेजमध्ये, भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यांत किंवा गाड्यांवर काम करत असतील. काहीजण उत्तनच्या बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त होताना पाहत असतील. इंजिन खोलून बसलेल्या कारागिराजवळ थोडा वेळ उभे राहा आणि त्याला हेड दाखवायला सांगा. पाण्याच्या वाटा कोठे आहेत ते बोटाने चाचपून पाहा. फेरे दाखवणाऱ्या घड्याळावर लाल पट्टा असतो. तो कोठून सुरू होतो आणि तेथूनच का, हे त्याला विचारा. काळ्या पडलेल्या हातांचा तो माणूस तुम्हाला जे सांगेल, ते शिकायला शंतनुरावांना सातासमुद्रापार जावे लागले होते.